प्रॉडक्ट डिझाइनसाठी आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

तुम्ही मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, प्रॉडक्ट डिझाइनमध्ये जायचंय आणि विचारताय की क्लास सॉलिडवर्क्सचा लावू की क्रिओचा. कॉलेजच्या लॅबमध्ये जे असेल ते शिका. एक नीट आलं की दुसऱ्यावर हात बसायला फार दिवस लागत नाहीत.

पहिल्या नोकरीत मला सॉफ्टवेअर झकास येत होतं. एका छोट्या कंट्रोल बॉक्सचं मॉडेल केलं, भिंती अगदी काटकोनात, आणि ड्रॉइंग घेऊन भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, गेले. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, हा साच्यातनं काढायचा कसा? हातोडीनं?"

इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून केलेल्या, पार्टला ड्राफ्ट लागतो, म्हणजे भिंतीला साधारण एक अंशाचा उतार. नाहीतर प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या भागाला, आवळून बसतं. (हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, दोन मार्कांना.) शिवाय 2.5 मिमीच्या भिंतीला आतून तेवढ्याच जाडीची रिब, म्हणजे मजबुतीसाठीची उभी पट्टी, दिली होती. अशा जागी माल जास्त साठतो, उशिरा थंड होतो आणि बाहेरच्या गुळगुळीत बाजूला खळगा पडतो, तोच सिंक मार्क. रिब भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची. त्यानंतर बरेच शनिवार मी त्या काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

म्हणून घरातला बंद पडलेला मिक्सर भंगारात देऊ नका. खोला. स्क्रू किती, कुठे नुसत्या स्नॅपफिटवर, म्हणजे खटकन अडकणाऱ्या खाचेवर, भागवलंय, दोन भागांमधली फट कशी लपवलीय, ते बघा आणि वहीत हाताने काढा. ही सवय सीड (CEED) परीक्षेलाही उपयोगी पडते. एम.डेस.च्या, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशासाठीची ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. त्यात स्केचिंग कागदावरच करावं लागतं. वयाची अट नाही, आणि शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते.

पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या संग्रहात, दहा चकचकीत रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली चित्रं) कोंबू नका. माझ्यात आजीचा चकलीचा सोऱ्या होता, दांडा फिरवताना तिचं मनगट दुखायचं म्हणून. पाच मॉडेलं केली, तिसरं पहिल्याच घाण्याला तडकलं. मुलाखतीत त्या तडकलेल्यावरच प्रश्न: चीर कुठून गेली, जोर कुठे आला, पीठ किती घट्ट होतं? भाजणीला पाणी किती घातलं ते आजीला विचारून वहीत टिपलं होतं, म्हणून वाचले.