शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत!

प्रश्न: सर, मी सातपूरला कंपनीत कामाला आहे, शिक्षण सगळं मराठी मीडियममधलं. बँकेच्या परीक्षेसाठी मोबाईलवरच्या लिस्टमधले रोज वीस अवघड इंग्रजी शब्द पाठ करतो, पण आठवड्याभरात पंधरा तरी गायब. त्यात परवा सीनियरच्या निरोप समारंभात भाषण करताना मी त्यांना 'नोटोरियस' म्हणालो, लिस्टमध्ये अर्थ 'प्रसिद्ध' असा दिलेला होता ना! पोरं अजून चिडवतात. काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: दादा, आधी ती लिस्ट डिलीट मारा. नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध, वाईट कामासाठी गाजलेला. एका शब्दाला एक अर्थ अशा याद्यांमध्ये हाच घोळ असतो, शब्द कोणाबद्दल आणि कुठल्या सुरात वापरायचा ते कळतच नाही, म्हणून शब्द नेहमी अख्ख्या वाक्यासकट लिहून घ्या.

आता विसरण्याचं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून बघितली आणि 1885 मध्ये ते छापलं, त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच धडाधड होतं, नंतर हळू. म्हणजे आज पाठ केलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने बघायचं, तेही अर्थ हाताने झाकून, नुसतं वाचून नाही. रोज पाच शब्द बास झाले.

पण खरी गंमत वेगळीच आहे, मराठी मीडियमवाल्यांकडे एक खजिना असतो आणि आपण तो उघडतच नाही. संस्कृत आणि लॅटिन लांबच्या चुलत बहिणी. आपला दंत तिकडे डेंटलमध्ये, मातृ मॅटर्नलमध्ये, भ्रातृ फ्रॅटर्नलमध्ये, विधवा तर विडोमध्ये जवळजवळ तशीच. आपल्या अग्नीचा लॅटिन भाऊ इग्निस, त्यावरून गाडीचं इग्निशन, आणि त्यावरूनच इग्निअस रॉक, आगीतून जन्मलेला दगड. आपल्या नाशिकची पांडवलेणी ज्या काळ्या बसाल्टात कोरली आहेत ना, तो हाच. एकदा लेणी चढून या, इग्निअस विसरून दाखवा मग!

फक्त नुसत्या आवाजावर जाऊ नका. इग्नोरंटमध्येही 'इग्न' दिसतं, पण तिथे अग्नी नाही, तिथे 'ज्ञ' आहे. पुढचा 'इ' म्हणजे नकाराचा 'इन', आपल्या 'अ'सारखा, आणि 'ग्नो' म्हणजे जाणणं. थोडक्यात इग्नोरंट म्हणजे सरळ आपला 'अज्ञ'. मला स्वतःला हे कळलं तेव्हा चहा गार झाला होता. शंका आली की चांगल्या डिक्शनरीत शब्दाचं मूळ बघायचं, मोठ्या डिक्शनऱ्यांत ते दिलेलं असतं, आणि विकत नको असेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच की, 1840 पासूनचं.

प्रश्न: मुलगी विचारते, इंग्रजीने मराठीतून काही घेतलंय का?
– एक आई, पंचवटी

उत्तर: घेतलंय ना, मुंगूस! मंगूस हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरूनच गेलाय. तिला एवढंच सांगा, गूसचं अनेकवचन गीस होतं म्हणून मंगूसचं मंगीस करू नकोस, पेपरात मार्क जातील, तिथे मंगूसेसच लिहायचं.