जर्मनीत एम.एस.साठी वडील दोन एकर विकायला निघालेत. जाऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्याजवळचं गाव, बी.ई. मेकॅनिकल, सीजीपीए ७.१. एजंट म्हणतो की जर्मनीत शिक्षण फुकट आहे, कोर्स इंग्रजीतून आहे, जर्मन काय तिथे गेल्यावर येईलच. आणि वडिलांनी दोन एकरांसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली आहे.

माझं उत्तर असं की जा. पण जमीन विकून नको, आणि जर्मन न शिकता येत्या ऑक्टोबरला तर मुळीच नको.

मी कराडची. वडील एसटीत कंडक्टर होते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मेकॅनिकलच्याच मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीतल्या एका मध्यम शहरात आले आणि आता स्टुटगार्टजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करते. तुमच्यासारखंच मलाही 'फुकट' हा शब्द सांगून पाठवलं होतं, म्हणून आधी पैशांचं बोलते.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं आहे. दर सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोंची वर्गणी असते, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे मी आज राहते तिथे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी लावली. खासगी विद्यापीठं तर पूर्ण फी घेतात. एजंटने सुचवलेलं विद्यापीठ सरकारी की खासगी, हे आज रात्रीच बघा. खासगी विद्यापीठांकडून एजंटांना कमिशन मिळतं, त्यामुळे सल्ला तिकडे झुकतो. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर बहुतेक इंग्रजी कोर्स फीसकट शोधता येतात. त्यासाठी एजंट लागत नाही.

मोठा आकडा फीचा नाही, ब्लॉक्ड अकाउंटचा आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात. माझ्या वेळी ते ८,६४० युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ आहेत. आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. हे पैसे कुणी घेत नाही. तिथे पोचल्यावर तेच दर महिन्याला ९९२ युरो या हप्त्याने तुमच्याच खात्यात येतात आणि त्यातच जगायचं असतं. छोट्या शहरात वसतिगृहाची खोली तीन-साडेतीनशेला मिळते, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, किराणा दोनशे. म्युनिकमध्ये नुसत्या खोलीलाच सातशे जातात. म्हणून शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकंच भाडंही बघा.

आता जमीन. पहिल्या वर्षाचे पैसे जमीन विकून उभे केलेत, तर दुसऱ्या वर्षी काय विकणार? जमीन एकदाच विकता येते, कोर्स मात्र लांबू शकतो. माझा चार सेमिस्टरचा कोर्स सात सेमिस्टर चालला आणि माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांचं असंच झालं. शैक्षणिक कर्ज काढा. सरकारी बँकांत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आईवडिलांपैकी एक सहकर्जदार लागतो. त्यावरच्या रकमेला घर किंवा एन.ए. प्लॉट मागतात. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत, कारण सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली त्यांना ती जप्त करता येत नाही. त्यामुळे सातबारा घेऊन बँकेत गेलात तर नकार मिळेल, त्याने खचू नका. गावठाणातलं घर चालतं का, काकांचा प्लॉट चालतो का, ते विचारा. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर ते दरमहा घरून भरत राहा. माझे वडील भरत होते, आणि त्याची किंमत मला नोकरी लागल्यावर पहिला हप्ता भरताना कळली. अनुसूचित जातीतले असाल, तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघा. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून अर्ज करण्याआधी विद्यापीठाची निवड त्या हिशेबाने करा.

तुमच्या ७.१ चं काय होतं तेही सांगते, कारण इथे अनेक जण नकळत मागे पडतात. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण एका सूत्राने त्यात बदलतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. कमाल १० आणि पासिंग ४ धरलं तर तुमचे २.४५ होतात, ५ धरलं तर २.७४. अनेक कोर्सची अट २.५ असते! म्हणजे पासिंगचा आकडा किती आहे, यावर तुमचा प्रवेश अडू शकतो. तुमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेमागे तो छापलेला नसेल, तर परीक्षा विभागातून शिक्क्याचं पत्र घ्या. मुंबई-पुण्याच्या खेपा माराव्या लागल्या तरी घ्या.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते.

मी आले तेव्हा माझं जर्मन ए१, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं होतं. म्हणजे नाव, गाव, एक किलो बटाटे. वर्गात खरोखरच सगळं इंग्रजीतून चालायचं, म्हणून पहिले दोन महिने वाटलं की लोकांनी उगाच घाबरवलं. मग पत्रपेटीत कागद येऊ लागले. जर्मनीत सगळं टपालाने येतं आणि सगळं जर्मनमध्ये. रेडिओ-टीव्हीसाठी इथे प्रत्येक घराला महिन्याची वर्गणी असते, घरात टीव्ही नसला तरी. माझ्या वेळी ती १७.५० होती, आता १८.३६ आहे. त्याची पत्रं मी जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकत गेले. दीड वर्षाने दंडासकट सव्वातीनशे युरोंच्या वर मागणी आली. तो माझा महिन्याचा किराणा आणि निम्मं भाडं होतं. चूक माझीच होती, पण ती भाषेमुळे झाली.

कामाचं त्याहून वाईट झालं. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पुरत नव्हते, म्हणून पहिल्या हिवाळ्यात पार्सल छाटणीच्या गोदामात रात्रपाळी धरली. भाषा लागत नाही अशी तेवढीच कामं होती. रात्री दहा ते पहाटे चार, बाहेर उणे आठ. सकाळी आठच्या लेक्चरला डोळे मिटायचे. फायनाइट एलिमेंटच्या पेपरात पहिल्यांदा नापास झाले, नंतर पुन्हा नापास झाले. आपल्याकडे केटी राहिली तरी पुढे देता येते, या हिशेबात होते. इथे बहुतेक विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही अशी वेळ येऊ शकते. नाव कमी झालं की निवास परवान्याचाही आधार जातो. तिसऱ्या परीक्षेच्या आधीचे दोन महिने मी काम सोडलं, मैत्रिणीकडून उसने पैसे घेतले आणि घरी यातलं काहीच सांगितलं नाही. ३.७ मिळाले. काठावर. त्या दिवशी ट्रामस्टॉपवर बसून रडले.

मग एक सेमिस्टर फक्त एकच विषय घेतला आणि विद्यापीठाच्या भाषा केंद्रात जर्मन शिकले, बी१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं निभावण्याइतकं. आधीच्या वर्षात वर्कस्टुडेंटसाठी, म्हणजे शिकताना आपल्याच क्षेत्रात करायच्या अर्धवेळ कामासाठी, मी साठच्या वर अर्ज केले होते. एकही मुलाखत मिळाली नव्हती. बी१ नंतर आठव्या अर्जाला बोलावणं आलं. साहेबांनी पहिली दहा मिनिटं जर्मनमध्ये साधंच विचारलं: कुठून आलात, आधी काय केलंत, यंत्रावर हात चालतो का. मी अडखळत पण सगळी उत्तरं दिली. पुढचं तांत्रिक बोलणं त्यांनी स्वतःहून इंग्रजीत नेलं. त्याच कामातून थिसिस मिळाला आणि थिसिसमधून नोकरी.

मेकॅनिकलवाल्यांना हे जास्त लागू आहे. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावणारे इथे भेटतात. आपलं काम शॉपफ्लोरवर, फोरमनशी, पुरवठादाराशी असतं, आणि तिथे जर्मनच चालतं. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. भाषा शून्यापासून शिकत तो पुरवायचा म्हणजे फार ओढाताण होते. कायम निवासाचंही तसंच: ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, बी१ असेल तर २१ महिन्यांत अर्ज करता येतो, ए१ वर २७.

म्हणून माझा आग्रह आहे की एक वर्ष थांबा आणि भारतात बी१ करा. पुण्यात मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जर्मन शिकवतात. इथे त्याच वर्गाला युरोत फी, शिवाय भाडं आणि परीक्षेचं ओझं. साताऱ्यात किंवा पुण्यात बारकी नोकरी धरून संध्याकाळी शिकलात तरी चालेल. शिरवळ, रांजणगाव, चाकण भागात एक वर्षाचा शॉपफ्लोरचा अनुभव मिळाला, तर तो अर्जातही उपयोगी पडतो.

त्या वर्षात एपीएसचं काम उरकून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे कागदपत्र पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याला १८,००० रुपये लागतात आणि वेळही जातो. युनी-असिस्ट या अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज केलेत तर पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच-सहाच अर्ज करा, विषय नीट वाचून. तुमच्या बी.ई.चे विषय कोर्सच्या अटींशी जुळत नसतील, तर गुण चांगले असूनही नकार येतो.

कामाचं एवढंच सांगते की आता वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे आणि किमान मजुरी २०२६ पासून तासाला १३.९० युरो झाली आहे. आकडे मोहात पाडतात. पहिल्या सेमिस्टरला काम धरू नका.

वडिलांशी बोलणं अवघड जाईल. मुलासाठी जमीन काढायला निघालेल्या माणसाला 'नको' म्हटलं, की त्याला वाटतं पोराचा धीर सुटला. त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवा: किती कर्ज, किती घरून, हप्ता कधी सुरू. माझ्या वडिलांनी तसा कागद पाहिल्यावर तिकिटाच्या पिशवीतलं पेन काढून शेजारी स्वतःचे आकडे लिहिले होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

एजंटने दिलेल्या कोर्सची आणि विद्यापीठांची नावं इथे लिहा. रविवारी मला सुट्टी असते, प्रत्येकाच्या अटी आणि फी बघून सांगते. तोवर गिऱ्हाईकाकडून विसार घेऊ नका.