पडताळणीची वाट आपली आपण काढावी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोणीही येतं आणि आपल्याला शेंडी लावून जातं, यावर उपाय काय, असं तू विचारलंस. फसणारे सगळे मठ्ठ असतात हा समज आधी काढून टाक. 'डिजिटल अटके'च्या (तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर धाक घालतात त्या) नावाखाली आयुष्याची पुंजी घालवून बसलेल्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. अक्कल त्यांच्याकडे होतीच, पण त्या घडीला ती वापरायची उसंत त्यांना मिळू दिली नाही. म्हणून 'चिकित्सक हो' वगैरे उपदेश मी करत नाही. एकच सवय लाव. दावा तपासायचा तो दावा करणाऱ्याने दाखवलेल्या वाटेने कधीच तपासायचा नाही. नंबर, लिंक, स्क्रीनशॉट, 'आमचे समाधानी ग्राहक' यातलं जे जे त्याने पुरवलं, त्याला पुराव्यात जागा नाही.

एक नेहमीचा मेसेज घे: 'मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता आपली वीज तोडण्यात येईल. त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा.' साडेनऊच का? त्या वेळी वीज कार्यालय बंद असतं, कोणाचं दार ठोठवायचं तर अवघड वाटतं, आणि चालू असलेला नंबर उरतो एकच, मेसेजमधला. फोन लावला की पलीकडचा गोड बोलून एक एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) पाठवतो आणि 'फक्त दहा रुपये भरून खातं अपडेट करा' म्हणतो. दहा रुपयांत काय जातंय, असं आपल्याला वाटतं. पण त्या ॲपला एसएमएस वाचायची किंवा स्क्रीन बघायची परवानगी आपण दिलेली असते, म्हणजे पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात. आता आपली वाट. छापील बिलावरचा ग्राहक क्रमांक घे, प्ले स्टोअरवरून स्वतः उतरवलेल्या वीज कंपनीच्या ॲपमध्ये टाक, थकबाकी आहे का बघ. दोन मिनिटांचं काम. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एवढं ठाऊक असलं की तो मेसेज वाचून धडधडतसुद्धा नाही.

इथे एक खाचखळगा आहे. शहाणी माणसं म्हणतात, 'मी मेसेजमधला नंबर नाही घेतला, गूगलवर शोधला.' कस्टमर केअरचे खोटे नंबर तिथेही पेरलेले असतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच घ्यावा.

'चुकून तुम्हाला ५०० ऐवजी ५,००० गेले हो, साडेचार हजार परत पाठवा' हा प्रकारही याच जातीचा. पैसे जमा झाल्याचा एसएमएस त्यानेच पाठवलेला असतो, बहुधा साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघायची, बस. खरंच जमा झाले असतील तरी आपण होऊन परत पाठवू नयेत. 'तुमच्या बँकेकडे तक्रार करा, बँक उलटवेल' म्हणावं. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

'पोलीस बोलतोय' म्हणून व्हिडिओ कॉल आला तर तपासायचं तरी काय? भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, आणि 'पडताळणीसाठी' पैसे जमा करून घेणारं सरकारी खातंही नाही. 'कॅमेरा बंद करू नका, घरी कोणाला सांगू नका' ही त्यातली खरी मेख. तुला दुसऱ्या कोणाशी बोलायला जो मनाई करतो, त्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्यावा. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

आता शेअर बाजाराच्या टिपा, कारण तुझ्या वयाला तोच चुंबक आहे. समज, एकाने ३,२०० जणांना मेसेज केला: निम्म्यांना 'अमुक शेअर या आठवड्यात वर जाणार', निम्म्यांना 'खाली येणार'. ज्यांच्या बाबतीत चुकला त्यांना सोडून दिलं. उरले १,६००. पुन्हा तेच. मग ८००, ४००, २००, आणि पाचव्या आठवड्याअखेर १०० जण असे उरतात, ज्यांना त्याची पाचही भाकितं तंतोतंत खरी दिसलेली असतात. त्याला बाजारातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. उरलेले ३,१०० जण त्या शंभरांना दिसत नाहीत, सगळी जादू एवढीच. म्हणून कोणी नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवले की विचारायचं: बाकीचे कुठे आहेत? फ्युचर्स-ऑप्शन्सबाबत, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांबाबत, याचं उत्तर सेबीनेच, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच, देऊन ठेवलंय. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. सल्लागार म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघ. क्रमांक सापडला तरी तिथे नोंदलेला फोन आणि तुला आलेला फोन जुळतो का, तेही पाहा. खऱ्या सल्लागारांचे क्रमांक सर्रास चोरले जातात.

'मला सुरुवातीला पैसे परत मिळाले की!' हाही पुरावा नव्हे. व्हिडिओ लाइक करायच्या कामाचे पहिले दोनशे मिळतात, हजार भरले की तेराशे येतात, पन्नास हजार भरले की खातं 'गोठतं' आणि सोडवायला 'कर' मागतात. आधीची परतफेड हे आमिष. जोडीला ७२ चा नियम ठेव: ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ७ टक्के असेल तर साधारण दहा वर्षं. इतक्या चढ्या दराला हा नियम लागत नाही, पण सरळ हिशेबाने वर्षात दामदुप्पट म्हणणारा १०० टक्के व्याज कबूल करतोय. तो धंदा कोणता, तेवढं विचार.

फॉरवर्ड मेसेजकडे आपण करमणूक म्हणून बघतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षेकरी भटक्या समाजातली माणसं होती ती. त्या काळात देशभर फिरत असलेल्या व्हिडिओंपैकी एकात दुचाकीवरचे दोघं मूल उचलून नेताना दिसत. मूळ चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीची होती. शेवटी ते दोघं मूल परत आणून देतात. तेवढाच तुकडा कापला होता. म्हणून कुठलाही व्हिडिओ बघताना त्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, हे विचारायचं. एक चौकट स्क्रीनशॉट करून गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत) टाकली की जुनी प्रत पुष्कळदा सापडते. घरच्या ग्रुपवर काकांनी असं काही टाकलं तर तिथे चारचौघांत खोडू नकोस, ते आणखी हट्टाला पेटतील. बाजूला मेसेज कर.

औषधांचं थोडक्यात सांगतो. 'धोका ५० टक्क्यांनी कमी' वाचलंस की विचार, कितीवरून किती? हजारात दोघांचा एक झाला तरी तो पन्नास टक्केच. आणि 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. जाहिरातदार पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय, तर पुढचं कशाला वाचायचं?

हे सगळं प्रत्येक गोष्टीला लावत बसू नकोस, वेड लागेल. भाजीवाल्या मावशी 'मेथी आजचीच' म्हणाल्या तर घेऊन टाक. पैसा, प्रकृती, सही आणि कोणाची तरी बदनामी, या चार ठिकाणी मात्र थांब. 'सगळेच खोटं बोलतात' म्हणणाराही तितकाच भोळा असतो. तपासायचे कष्ट त्यालाही नको असतात. आणि आपल्या मनासारखी बातमी आली की दुप्पट तपास, कारण तिथे शंका आपोआप येत नाही.

इतकं करूनही कधी फसलास तर लाजेपायी दोन दिवस घालवू नकोस. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तर आले. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो ओळख क्रमांक) हाताशी ठेव, चॅट पुसू नकोस.

कळावे,
तुझा काका

ता. क. फसल्यानंतर काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' असा फोन येण्याची दाट शक्यता असते. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्यालाही एक पैसा देऊ नये.