रस्टकडे वळताय? मग एवढं बघा

पायथनवरून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेकडे येताय, छानच! फक्त आल्या आल्या एखाद्या प्रोजेक्टला 'हे सगळं रस्टमध्ये लिहू या' असं सुचवू नका. नवखे हमखास इथेच घसरतात. फिश शेलचं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) बघा. सी प्लस प्लस सोडून रस्टवर यायचा प्रस्ताव २०२३ च्या सुरुवातीला खुद्द कोड सांभाळणाऱ्यांकडून आला, आणि एकेक भाग बदलत ४.० आवृत्ती निघाली ती २०२५ मध्ये. म्हणजे आतल्यांनाही दोनेक वर्षं लागली.

सध्या पुरे एवढंच:

- प्रोजेक्टचे जुने इश्यू (नोंदवलेल्या अडचणी-सूचना), नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट (इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल) वाचा. निर्णयांची कारणं तिथेच सापडतात.
- मोठा बदल असेल तर कोड लिहिण्याआधी विचारा.
- बॉरो चेकर (डेटा कोण, कधी वापरतोय हे तपासणारा कंपायलरचा भाग) अडवतोय? बिनधास्त क्लोन करा, म्हणजे डेटाची प्रत काढा (जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत).

लाइफटाइम, असिंक असे अवघड विषय नंतर बघू. अडलात तर एरर मेसेज पूर्ण वाचा. रस्टमध्ये बऱ्याचदा उपायही त्यातच लिहिलेला असतो.