भरलेला खड्डा कधी उघडावा?

प्रश्न : आमचा संडास दोन खड्ड्यांचा आहे. पहिला भरला म्हणून दीड वर्षापूर्वी मैला दुसऱ्यात वळवला. आता मालक म्हणतात, पहिला उपसून परसातल्या मेथी-कोथिंबिरीला घालू. सासूबाई म्हणतात, त्याला शिवायचंसुद्धा नाही. दारात दोन म्हशींचं शेणही आहे. काय करावं?
— एक वाचक भगिनी, ता. अंबाजोगाई

उत्तर : ताई, सासूबाईंना शिसारी येते ते मला समजतं. मलाही यायची. पण तुमच्या खड्ड्यात सोनखत तयार होतंय, ते वाया घालवू नका. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत याच खतासाठी संडास बांधून दाखवले होते.

फक्त घाई नको. आम्ही केली होती. खड्डा बंद करून सहाच महिने झाले होते, त्यात श्रावणातली झड. झाकण सरकवलं तर आत काळं, पातळ, आणि वास दोन दिवस घरातून जाईना. परत झाकलं, कडा चिखलानं लिंपल्या. पुढं दोन उन्हाळे जाऊ दिले आणि मे महिन्यात उघडलं. घमेल्यात आलं ते तपकिरी, बाजरीच्या कण्यांसारखं रवाळ, वासही नुसता मातीचा. शेजारणीनं विचारलं, गांडूळखत कुठून आणलं?

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, खड्डा लवकर सुकत नाही. ओलीत जंतांची अंडी फार दिवस तग धरतात. म्हणून बंद केल्यापासून पुरी दोन वर्षं मोजा. तुम्ही आणखी एक उन्हाळा थांबा. तोवर त्यात वरून पाणी, राख, काहीच टाकू नका. उघडल्यावर ओलं किंवा वासाचं निघालं तर पुन्हा झाका. पूर्ण न कुजलेला मैला माणसाकडून हातानं उपसून घ्यायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. सेप्टिक टाकीला मात्र हा दोन वर्षांचा हिशेब लागू नाही, तिच्यात रोज नवं पडत असतं.

आणि मेथी-कोथिंबीर नकोच. जे कच्चं खातो, जे मातीला टेकतं, त्याला हे खत घालू नये. लिंबू, सीताफळ, शेवग्याच्या आळ्यात घाला, वर मातीचा थर द्या.

भाजीला म्हशींचं शेण आहेच की! पण उघड्या उकिरड्यावर नाही. उन्हानं नत्र उडून जातं. सावलीला वीतभर सोयाबीनचं काड, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती, असे थर चढवा. गोठ्यातलं मूत त्यातच मुरू द्या. लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून बाहेर काढा. हाताला गरम लागली तर खत अजून कच्चं आहे, आणि कच्च्या शेणाबरोबर रानात मुळं कुरतडणारी हुमणी अळी येते.

खड्डा उघडाल त्या दिवशी सासूबाईंना लांबून का होईना घमेलं दाखवा. खड्ड्यात उतरू नका, लांब दांड्याच्या फावड्यानं काढा, आणि नंतर हात साबणानं, नखांच्या आतून धुवा.