अकरा महिन्यांच्या घरात भाजी

प्रश्न: ताई, यांच्या बदलीमुळे दिवाळीनंतर आम्ही साताऱ्यात भाड्याच्या घरात आलो. पहिला मजला, पुढे छोटी उघडी गच्ची, ऊन भरपूर. करार ११ महिन्यांचा. स्लॅबला ओल येईल असं काही करू नका, असं घरमालकांनी बजावलंय. घरापुरती भाजी लावावी का? जाताना सगळं टाकून जावं लागेल, याचंच वाईट वाटतं.

उत्तर: लावा, नक्की लावा. सांगलीत मी चार भाड्याची घरं बदलली, एकाही घरात मेथी विकत आणली नाही. रडले ती फक्त दुसऱ्या घरी. हौसेनं परसात शेवगा लावला आणि तो फुलावर आला तेव्हा घर सोडावं लागलं. म्हणून सांगते, आधी कराराची शेवटची तारीख धरा आणि तिथून मागे मोजा. मेथी २५-३० दिवसांत, कोथिंबीर ४० दिवसांत निघते. टोमॅटोचं रोप आणून लावलंत तर दोन-अडीच महिन्यांत फळ. थंडीत हे सगळं करा, उन्हाळ्यात गवार-भेंडी. शेवटच्या महिन्यात फक्त मेथी. पपई, शेवगा नकोच. कढीपत्ता हवा तर कुंडीत, तो बरोबर येतो.

घरमालकांचं म्हणणं रास्त आहे. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या घ्या, तळाला भोकं पाडा आणि प्रत्येक बादली दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि फरशी वाळते. ओल्या मातीची भरलेली बादली सहज तीस किलोच्या घरात जाते, म्हणून गच्चीच्या मधोमध नको, भिंतीच्या कडेनं रांग लावा. मांडणी त्यांना आधी दाखवा.

आपल्याकडची काळी माती नुसती भरू नका. वाळली की भेगा पडतात, पाणी घातलं की वर तळं साचतं. माती, मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घ्या, वजनही उतरतं. गावाकडून कुणी येणार असेल तर उसाचं पोतंभर पाचट मागवा. बारीक तोडून वर पसरलं की उन्हाळ्यात ओल टिकते.

कोथिंबिरीबद्दल फार जणी विचारतात, उगवत नाही म्हणून. किराण्यातले धणे चालतात, पण अख्खे आणि नवे हवेत. वर्तमानपत्रावर पसरून चपलेच्या तळव्यानं हलके रगडा. दाण्याच्या दोन फाका व्हायला हव्यात, चुरा नव्हे. रात्रभर भिजवून पेरा, आठ-दहा दिवस ओल मोडू देऊ नका.

आणि टाकून जायचं काहीच नाही. निघण्याआधी दोन-तीन दिवस पाणी बंद करा, माती हलकी होईल, मग सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरा. दर हंगामाला मूठमूठ शेणखत घातलेली माती रोपवाटिकेत विकत मिळत नाही. माझी पहिल्या घरातली माती आज चौथ्या घरात आहे. परवाच तिच्यात मेथी टाकली.