पावसाच्या आधी घर लावताना

बाय, फोंड्याला नवीन घर लावतेस म्हणून सांगते. कपाटं, डबे विकत आणण्याआधी भिंती बघ. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस आणि तोही बहुतेक नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या भिंतीला कपडे किंवा पुस्तकांचं कपाट लावू नकोस. दुसरी जागाच नसेल तर निदान चार बोटं पुढे ओढ, मागून हवा फिरली पाहिजे. मी पहिल्या वर्षी चिकटवून ठेवलं होतं. आईची पैठणी बुरशीने गेली, अजून जीव हळहळतो.

कपाट गच्च भरू नकोस. रेशमी साड्या सुती कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. अर्धवट सुकलेला एक टॉवेल आत गेला तरी सगळ्याला वास लागतो. कागदपत्रं मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीला, मे महिन्यातच एक फळी मोकळी कर: मिरच्या, सोलां (आमसुलं), मीठ, खारातल्या कैऱ्या. बरण्या जमिनीवर नकोत, लाकडी पाटावर ठेव. मीठ लोखंडी डब्यात कधीच नको.

छत्र्या, रेनकोट, चपला पडवीतच राहू देत. खुंट्या मार, खाली पत्र्याचा ट्रे.

आणि माळ्यावर चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, सामान सगळ्यात पुढे ठेव. माटोळीची चौकट (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो ती), समया, मोठी तपेली ऐन पावसात काढायची असतात. मागे दडपलीस तर सगळा माळा उपसावा लागेल.